प्रसरण विश्लेषण (शालेय संशोधन)

प्रसरण विश्लेषण ही तीन किंवा अधिक गटांच्या मध्यमानांमधील फरक सार्थ आहे की तो केवळ योगायोगाने दिसतो, हे तपासण्याची संख्याशास्त्रीय पद्धत आहे. काही मराठी ग्रंथांत तिला 'प्रचरण विश्लेषण' असेही म्हटलेले आढळते. शेतीतील पीक-प्रयोगांसाठी विकसित झालेली ही पद्धत पुढे मानसशास्त्रात आणि शिक्षणशास्त्रात रूढ झाली. अध्यापनपद्धती, शाळांचे प्रकार, घरची भाषा किंवा अभ्यासाच्या सवयी यांनुसार विद्यार्थ्यांच्या संपादणुकीत फरक पडतो का, हे पाहण्यासाठी शिक्षणशास्त्राच्या पदव्युत्तर व विद्यावाचस्पती प्रबंधांत तसेच शिक्षकांच्या कृतिसंशोधनात तिचा वापर होतो. नांदेड जिल्ह्यातील मुखेडसारख्या तालुक्यात जिल्हा परिषदेच्या शाळा, खाजगी अनुदानित शाळा आणि आश्रमशाळा शेजारी-शेजारी चालतात, तांड्यांवरील मुलांची घरची भाषा वेगळी असते आणि ऊसतोडीच्या हंगामात पटावरील मुले स्थलांतर करतात. अशा ठिकाणी या पद्धतीचा उपयोग आणि तिच्या मर्यादा दोन्ही ठळकपणे दिसून येतात.

## संज्ञा

गुणांचे मध्यमानापासूनचे अंतर मोजून त्या अंतरांच्या वर्गांची सरासरी काढली, की 'प्रसरण' मिळते. प्रसरणाचे वर्गमूळ म्हणजे प्रमाण विचलन होय. वर्गातील सर्व मुलांना सारखेच गुण पडले तर प्रसरण शून्य असते. गुण जितके विखुरलेले, तितके प्रसरण अधिक. पद्धतीच्या नावात प्रसरण असले तरी तिचा निष्कर्ष मध्यमानांविषयीचा असतो. मध्यमानांची तुलना प्रसरणाच्या मापाने केली जाते, म्हणून हे नाव पडले.

ज्या घटकानुसार गट पाडले जातात (उदाहरणार्थ, अध्यापनपद्धती) त्याला स्वतंत्र चल किंवा कारक म्हणतात. ज्याचे मापन केले जाते (उदाहरणार्थ, चाचणीतील गुण) त्याला आश्रयी चल म्हणतात.

## इतिहास

'प्रसरण' या अर्थाची इंग्रजी संज्ञा ब्रिटिश संख्याशास्त्रज्ञ रोनाल्ड फिशर यांनी १९१८ मध्ये आनुवंशिकतेवरील एका शोधनिबंधात प्रथम वापरली. १९१९ मध्ये ते इंग्लंडमधील रॉथमस्टेड येथील कृषी प्रयोगशाळेत रुजू झाले. तेथे खतांच्या आणि वाणांच्या प्रयोगांची अनेक वर्षांची माहिती साठलेली होती. एका वाफ्यात उत्पादन जास्त आले तर ते खतामुळे, वाणामुळे की जमिनीच्या कसामुळे, हा तेथील मूळ प्रश्न होता. १९२३ मध्ये विनिफ्रेड मॅकेन्झी यांच्यासह प्रसिद्ध केलेल्या बटाट्यावरील निबंधात फिशर यांनी प्रसरणाची विभागणी करून दाखवली. १९२५ मधील त्यांच्या संशोधकांसाठीच्या पुस्तकाने ही पद्धत सर्वत्र पोहोचली आणि १९३५ मधील दुसऱ्या पुस्तकाने प्रयोगाच्या आराखड्याची तत्त्वे मांडली. अमेरिकन संख्याशास्त्रज्ञ जॉर्ज स्नेडेकर यांनी १९३४ मध्ये या पद्धतीतील गुणोत्तराला फिशर यांच्या सन्मानार्थ 'एफ' हे नाव दिले. ई. एफ. लिंडक्विस्ट यांच्या १९४० मधील ग्रंथामुळे फिशर यांची तंत्रे शैक्षणिक संशोधनात रुळली.

भारतात १९३१ मध्ये प्रशांतचंद्र महालनोबिस यांनी कोलकाता येथे भारतीय सांख्यिकी संस्था स्थापन केली. जानेवारी १९३८ मध्ये कोलकात्यात भरलेल्या पहिल्या भारतीय सांख्यिकी परिषदेचे अध्यक्षपद फिशर यांनी भूषविले. वि. गो. पानसे आणि पां. वा. सुखात्मे यांचा शेतीसंशोधकांसाठीचा सांख्यिकीग्रंथ भारतीय कृषी अनुसंधान परिषदेने प्रसिद्ध केला व तो कृषी महाविद्यालयांत दीर्घकाळ वापरला गेला. सुखात्मे (१९११–१९९७) हे मूळचे सातारा जिल्ह्यातील बुध या गावचे. पुणे विद्यापीठात वि. शं. हुजूरबाजार यांनी १९५३ मध्ये गणित व संख्याशास्त्र विभागाची उभारणी केली.

मराठवाड्यात या पद्धतीची दोन क्षेत्रे आहेत. परभणी येथे १९७२ मध्ये स्थापन झालेल्या कृषी विद्यापीठाच्या प्रक्षेत्रांवरील वाण व खतांचे प्रयोग हे एक, आणि शिक्षणशास्त्रातील प्रबंध हे दुसरे. १९५८ मध्ये औरंगाबाद येथे मराठवाडा विद्यापीठ आणि १९९४ मध्ये नांदेड येथे स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ स्थापन झाल्यावर नांदेड-लातूर भागातील शिक्षकांना आपल्याच परिसरातील शाळांवर संशोधन करणे सुकर झाले.

## मूळ कल्पना

गुणांमध्ये दिसणारा एकूण फरक दोन भागांत विभागता येतो, हे या पद्धतीचे सूत्र आहे.

- गटांतर्गत फरक – एकाच गटातील मुलामुलांमधील फरक. एकच शिक्षक, एकच पद्धत आणि एकच चाचणी असूनही सर्वांना सारखे गुण पडत नाहीत.
- गटांमधील फरक – निरनिराळ्या गटांच्या मध्यमानांमधील फरक.

गटांमधील फरक हा गटांतर्गत फरकाच्या मानाने पुरेसा मोठा असेल, तरच गट खरोखर वेगळे आहेत असे म्हणता येते. या दोहोंचे गुणोत्तर म्हणजे 'एफ' मूल्य होय. सर्व गटांची मध्यमाने मुळात समान आहेत, ही शून्य परिकल्पना असते. ती खरी असल्यास एफ मूल्य साधारणतः १ च्या आसपास राहते. ते जितके मोठे येईल, तितकी शून्य परिकल्पना टिकणे कठीण होते.

### अनेक 'टी' चाचण्या का नाहीत?

दोन गटांची तुलना 'टी' चाचणीने करता येते. तीन गट असले तर तीन जोड्या होतात, पाच गट असले तर दहा. प्रत्येक जोडीसाठी ०.०५ हा सार्थकता स्तर ठेवला, तर प्रत्येक वेळी खोटा फरक खरा मानण्याची शक्यता ५ टक्के असते. या तुलना परस्परांपासून स्वतंत्र आहेत असे धरल्यास, तीन तुलनांत किमान एकदा अशी चूक होण्याची शक्यता सुमारे १४ टक्के आणि दहा तुलनांत सुमारे ४० टक्के होते. प्रसरण विश्लेषण सर्व गटांची परीक्षा एकाच वेळी घेऊन ही चूक ठरवलेल्या मर्यादेत ठेवते. गट दोनच असतील तर प्रसरण विश्लेषण व (समान प्रसरण मानणारी) टी चाचणी यांचे निष्कर्ष एकच येतात. एफ मूल्य हे टी मूल्याच्या वर्गाइतके असते.

## सोडवलेले उदाहरण

पुढील गुण केवळ पद्धत समजावी म्हणून घेतलेले काल्पनिक गुण आहेत. इयत्ता पाचवीच्या पंधरा मुलांचे चिठ्ठ्या टाकून पाच-पाचांचे तीन गट केले. अपूर्णांक हा घटक पहिल्या गटाला फळ्यावरील व्याख्यानाने, दुसऱ्याला कागदाच्या पट्ट्या व इतर साहित्याने आणि तिसऱ्याला गटचर्चेने शिकवला. त्यानंतर २० गुणांची चाचणी घेतली.

| गट | गुण | मध्यमान |
|---|---|---|
| व्याख्यान | ७, ९, १०, ११, १३ | १० |
| साहित्य | १२, १३, १४, १५, १६ | १४ |
| गटचर्चा | ९, ११, १२, १२, १६ | १२ |

सर्व पंधरा मुलांचे एकत्रित मध्यमान १२ आहे.

गटांमधील वर्गबेरीज काढताना प्रत्येक गटाच्या मध्यमानाचे एकत्रित मध्यमानापासूनचे अंतर घेऊन त्याचा वर्ग करतात व गटातील मुलांच्या संख्येने गुणतात : ५ × (४ + ४ + ०) = ४०. गटांतर्गत वर्गबेरीज काढताना प्रत्येक मुलाच्या गुणांचे आपल्याच गटाच्या मध्यमानापासूनचे अंतर घेतात. ती तीन गटांत अनुक्रमे २०, १० व २६, म्हणजे एकूण ५६ येते. दोहोंची बेरीज ९६ ही एकूण वर्गबेरीज होय.

| प्रसरणाचा स्रोत | वर्गबेरीज | स्वाधीनता मात्रा | मध्यमान वर्ग | एफ |
|---|---|---|---|---|
| गटांमधील | ४० | २ | २०.०० | ४.२९ |
| गटांतर्गत | ५६ | १२ | ४.६७ | |
| एकूण | ९६ | १४ | | |

गटांमधील स्वाधीनता मात्रा ही गटांच्या संख्येपेक्षा एकने कमी, तर गटांतर्गत स्वाधीनता मात्रा ही एकूण मुलांच्या संख्येतून गटांची संख्या वजा करून मिळते. २ व १२ या स्वाधीनता मात्रांसाठी सारणीतील एफ मूल्य ०.०५ स्तरावर ३.८९ आणि ०.०१ स्तरावर ६.९३ आहे. मिळालेले ४.२९ हे मूल्य पहिल्यापेक्षा मोठे पण दुसऱ्यापेक्षा लहान आहे. म्हणून शून्य परिकल्पनेचा ०.०५ स्तरावर त्याग करता येतो, ०.०१ स्तरावर करता येत नाही.

### पश्चात चाचण्या

एफ मूल्य सार्थ आल्यावर 'सर्व मध्यमाने समान नाहीत' एवढेच कळते. कोणता गट कोणापेक्षा वेगळा आहे हे कळत नाही. त्यासाठी ट्यूकी, शेफे किंवा बॉन्फेरोनी यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या पश्चात चाचण्या वापरतात. वरील उदाहरणात ट्यूकी यांच्या पद्धतीने दोन मध्यमानांत सुमारे ३.६४ गुणांहून अधिक अंतर असेल तरच ते सार्थ ठरते. साहित्य व व्याख्यान या गटांतील अंतर ४ आहे. ते सार्थ आहे. गटचर्चेचे दोन्ही गटांपासूनचे अंतर २ आहे. ते सार्थ नाही. म्हणून 'गटचर्चा व्याख्यानापेक्षा परिणामकारक आहे' हे विधान या माहितीवरून करता येत नाही. 'दोन्ही सारख्याच आहेत' असेही त्यातून सिद्ध होत नाही.

### परिणामाचा आकार

गटांमधील वर्गबेरजेला एकूण वर्गबेरजेने भागले असता ईटा-वर्ग हे माप मिळते. येथे ते ४० ÷ ९६ = ०.४२ आहे, म्हणजे या पंधरा मुलांच्या गुणांतील सुमारे ४२ टक्के फरक गटभेदाशी निगडित आहे. लहान नमुन्यात हे माप प्रत्यक्षापेक्षा मोठे दिसते, त्यामुळे ओमेगा-वर्ग हे दुरुस्त केलेले मापही दिले जाते. नमुना खूप मोठा असेल तर अर्ध्या गुणाचा फरकही सार्थ ठरू शकतो. तो वर्गात महत्त्वाचा आहे की नाही, हे सार्थकतेवरून ठरत नाही. त्यासाठी परिणामाचा आकार पाहावा लागतो.

## गृहीतके

1. निरीक्षणांची स्वतंत्रता – एका मुलाचा गुण दुसऱ्याच्या गुणावर अवलंबून नसावा. हे सर्वांत महत्त्वाचे गृहीतक असून ते मोडल्यास नंतरच्या कोणत्याही दुरुस्तीने सहजी भरून निघत नाही.
2. प्रसामान्य वितरण – प्रत्येक गटातील गुणांचे वितरण साधारणतः प्रसामान्य असावे. गट पुरेसे मोठे व समान आकाराचे असतील तर यातील थोडी त्रुटी चालते.
3. प्रसरणांची समानता – गटांची प्रसरणे जवळपास सारखी असावीत. हे लेव्हीन यांच्या चाचणीने तपासतात. प्रसरणे असमान असल्यास वेल्च यांची पद्धत वापरतात.

वितरण फारच विषम असेल किंवा गुण केवळ क्रमवार असतील, तर क्रमांकांवर आधारित क्रस्कल-वॉलिस चाचणी (१९५२) हा पर्याय असतो. शालेय गुणांत एक नेहमीची अडचण येते. अंतर्गत मूल्यमापनाच्या २० गुणांपैकी बहुतेकांना १८ ते २० गुण दिले जात असतील, तर गुण वरच्या टोकाला दाटतात आणि प्रसरण जवळजवळ नाहीसे होते. अशा गुणांवर कितीही काळजीपूर्वक विश्लेषण केले तरी त्यातून अर्थपूर्ण निष्कर्ष निघत नाही.

## प्रकार

एकमार्गी विश्लेषणात एकच कारक असतो. वरील उदाहरण या प्रकारचे आहे.

द्विमार्गी विश्लेषणात दोन कारक एकत्र तपासले जातात आणि त्यांची आंतरक्रियाही कळते. मुखेड तालुक्यात बंजारा समाजाचे अनेक तांडे आहेत. तेथील मुले घरी गोरमाटी बोलतात आणि पाठ्यपुस्तकातील मराठी त्यांना शाळेत प्रथम भेटते. समजा, पहिलीच्या वाचनासाठी नेहमीची पद्धत आणि गोरमाटी शब्दांचा आधार घेणारी पद्धत यांची तुलना केली. नेहमीच्या पद्धतीत मराठीभाषक मुलांचे मध्यमान १४ व गोरमाटीभाषकांचे ९ आले; आधाराच्या पद्धतीत ते अनुक्रमे १४ व १३ आले. (हे आकडेही काल्पनिक आहेत.) दोन्ही भाषागटांतील मुलांची संख्या समान असल्यास केवळ पद्धतींची सरासरी ११.५ व १३.५ दिसेल आणि नवी पद्धत सर्वांना दोन गुणांनी लाभदायक आहे असा समज होईल. प्रत्यक्षात मराठीभाषक मुलांना काहीच फरक पडलेला नाही आणि गोरमाटीभाषक मुलांना चार गुणांचा लाभ झाला आहे. हा भेद आंतरक्रियेच्या परीक्षेतून उघड होतो. आंतरक्रिया सार्थ असेल तर मुख्य परिणामांचा अर्थ एकेकटा लावू नये, असा संकेत आहे.

पुनरावृत्त मापनांच्या विश्लेषणात त्याच मुलांचे वर्षभरातील अनेक चाचण्यांतील गुण तपासले जातात. सहप्रसरण विश्लेषणात पूर्वचाचणीतील गुणांचा परिणाम वेगळा काढून उत्तरचाचणीची तुलना केली जाते. शाळेतील तुकड्या मोडून नवे गट करता येत नाहीत तेव्हा ही पद्धत विशेष वापरली जाते. मात्र पूर्वचाचणी व उत्तरचाचणी यांतील संबंध सर्व गटांत सारख्याच स्वरूपाचा असणे तिच्यासाठी आवश्यक असते. मुळात फार भिन्न असलेले गट तिच्यामुळे समान होत नाहीत.

## शालेय संशोधनातील अडचणी

### तुकडी, शिक्षक आणि पद्धत यांची सरमिसळ

एका शाळेत एक पद्धत, दुसऱ्या शाळेत दुसरी आणि तिसऱ्या शाळेत तिसरी, असा आराखडा लघुप्रबंधांत अनेकदा आढळतो. यात पद्धतीचा परिणाम आणि शिक्षकाचा परिणाम वेगळा करता येत नाही. एफ मूल्य सार्थ आले तरी तो फरक पद्धतीचा, शिक्षकाचा की गावाचा, हे सांगता येत नाही. शेतीच्या भाषेत सांगायचे तर एक वाण काळ्या रानात, दुसरे मुरमाड माळावर आणि तिसरे पाण्याखालच्या जमिनीत पेरून वाणांची तुलना करण्यासारखे ते आहे. फिशर यांनी यादृच्छिक वाटप, पुनरावृत्ती आणि खंडरचना या तीन तत्त्वांवर भर दिला तो याच कारणाने. शाळेच्या संदर्भात, प्रत्येक शाळेत शक्य तेथे सर्व पद्धती वापरणे किंवा प्रत्येक पद्धतीसाठी अनेक शाळा घेणे, हा त्यावरील उपाय आहे.

### मुले गुच्छांत असतात

एकाच वर्गातील मुले एकाच शिक्षकाकडे शिकतात, म्हणून त्यांचे गुण एकमेकांशी निगडित असतात. ही निगडितता ०.२ असेल आणि वर्गात २५ मुले असतील, तर प्रसरण १ + (२५ − १) × ०.२ = ५.८ पटींनी वाढते. अशा सहा वर्गांतील १५० मुले माहितीच्या दृष्टीने सुमारे २६ स्वतंत्र मुलांएवढीच ठरतात. १५० मुले स्वतंत्र मानून साधे विश्लेषण केले, तर नसलेला फरक सार्थ दिसण्याचा धोका फार वाढतो. यासाठी वर्गांची मध्यमाने हीच निरीक्षणे मानणे किंवा बहुस्तरीय प्रतिमान वापरणे योग्य ठरते. १३ नोव्हेंबर २०१७ रोजी तिसरी, पाचवी व आठवीसाठी झालेल्या राष्ट्रीय संपादणूक सर्वेक्षणासारख्या मोठ्या सर्वेक्षणांतही नमुना शाळांच्या माध्यमातून निवडला जातो; त्या माहितीवर साधे एकमार्गी विश्लेषण करणे इष्ट नसते.

### स्थलांतरामुळे होणारी गळती

मुखेड, कंधार, लोहा या परिसरातील अनेक कुटुंबे दसरा-दिवाळीनंतर ऊसतोडीसाठी साखर कारखान्यांच्या भागात जातात आणि उन्हाळ्याच्या तोंडाशी परततात. मुलांना गावी ठेवण्यासाठी हंगामी वसतिगृहांची योजना असली, तरी काही मुले आईवडिलांबरोबर जातातच. जुलैत पूर्वचाचणी आणि फेब्रुवारीत उत्तरचाचणी घेतली, तर ही मुले दुसऱ्या चाचणीला नसतात.

समजा, एका वर्गातील दहा मुलांपैकी चार मुलांचे मध्यमान ६ आणि सहा मुलांचे ११ आहे. वर्गाचे मध्यमान ९ होते. ती चार मुले फडावर गेली आणि राहिलेल्या सहांच्या गुणांत काहीच वाढ झाली नाही, तरी फेब्रुवारीत वर्गाचे मध्यमान ११ दिसेल. काहीही न शिकवता दोन गुणांची 'प्रगती' नोंदली जाईल. प्रयोगाच्या एका गटात तांड्यावरची शाळा आणि दुसऱ्यात तालुक्याच्या गावातील शाळा असेल, तर ही गळती दोन्ही गटांत सारखी नसते आणि एफ मूल्य गटांच्या रचनेतील बदलच मोजते. म्हणून पूर्वचाचणीला बसलेली, मध्येच गेलेली आणि उत्तरचाचणीला बसलेली मुले यांची गटवार संख्या देणे, गेलेल्या मुलांचे पूर्वचाचणीतील मध्यमान सांगणे आणि शक्य असल्यास ती परतल्यावर चाचणी घेणे आवश्यक मानले जाते. ज्यांच्यासाठी नवी पद्धत योजलेली असते, बहुधा तीच मुले सारणीतून गळालेली असतात.

### शाळांच्या प्रकारांची तुलना

जिल्हा परिषद, खाजगी अनुदानित आणि आश्रमशाळा यांतील विद्यार्थ्यांची संपादणूक तुलनेसाठी घेतली जाते. विद्यार्थी या शाळांत यादृच्छिकपणे विभागलेले नसतात. पालकांचे शिक्षण, उत्पन्न, स्थलांतर व घरची भाषा यांनुसार ते आधीच विभागलेले असतात. त्यामुळे सार्थ फरक आढळला तरी 'अमुक प्रकारची शाळा कमी प्रतीची आहे' हा निष्कर्ष निघत नाही. तेथे येणाऱ्या मुलांची सुरुवात कोठून झाली, हे पूर्वचाचणीशिवाय कळत नाही.

## अहवाल लेखन

प्रसरण विश्लेषणाच्या अहवालात प्रत्येक गटातील विद्यार्थिसंख्या, मध्यमान, प्रमाण विचलन, स्वाधीनता मात्रांसह एफ मूल्य, पी-मूल्य, परिणामाचा आकार, गृहीतकांच्या तपासणीचा निकाल आणि वापरलेली पश्चात चाचणी यांचा उल्लेख अपेक्षित असतो. पूर्वी ही आकडेमोड हाताने करून ग्रंथाच्या शेवटी दिलेल्या सारणीशी ताडून पाहत असत. आता एक्सेल, एसपीएसएस किंवा विनामूल्य उपलब्ध असलेल्या 'आर' यांसारख्या संगणकप्रणालींवर ती क्षणात होते. मात्र गट कसे निवडले आणि कोणती मुले मोजणीतून सुटली, हे संगणकाला कळत नाही. ते संशोधकानेच नोंदवावे लागते.

सार्थ न आलेला निष्कर्षही प्रसिद्ध करणे महत्त्वाचे असते. केवळ सार्थ निष्कर्षच छापले गेले, तर परिणामकारक नसलेल्या पद्धतीही परिणामकारक असल्याचा समज पसरतो आणि त्याचा भार पुढील वर्षीच्या वर्गांवर पडतो.

## हे सुद्धा पहा

- प्रमाण विचलन
- कृतिसंशोधन
- सहसंबंध
- रोनाल्ड फिशर
- पां. वा. सुखात्मे
- मुखेड तालुका